फ्रॉस्टी, बाप्पा आणि तुझा प्रश्न

प्रिय ओवी,

काल टीव्हीवर फ्रॉस्टी या बर्फाच्या माणसाची दोन कार्टून स्पेशल लागोपाठ बघून तू विचारलंस, दुसऱ्यात तो वितळतच नाही, मग तरी ते बोअर का झालं? आणि लगेच पुढचा, आपण गणपतीला दरवर्षी बादलीत का बुडवतो, ठेवूनच का नाही घेत? झोपायची वेळ झालेली म्हणून तेव्हा टाळलं, आता लिहूनच देते, सावकाश वाच, जोडाक्षरं अडली तर बाबाला विचार.

पहिलं १९६९ चं. त्यात सगळं कसं सरळ आहे, जादूची टोपी डोक्यावर असली की फ्रॉस्टी जिवंत, उडाली की नुसता बर्फ, आणि उष्णता लागली की संपलाच. म्हणून तर ती छोटी कॅरन त्याला घेऊन आगगाडीच्या आइस्क्रीम नेणाऱ्या थंडगार डब्यातून नॉर्थ पोलला निघते, पण तीच बिचारी काकडायला लागते, मग तिला ऊब मिळावी म्हणून हा ग्रीनहाऊसमध्ये शिरतो आणि टोपी परत हवी असलेला तो मेला जादूगार हिंकल बाहेरून दार लावून घेतो. त्या डबक्यापाशी कॅरन रडत होती तेव्हा तूही नाक ओढत होतीस, बघितलं हो मी.

दुसरं १९९२ चं, वेगळ्याच लोकांनी केलेलं. चार्ली ब्राऊनची कार्टून करणारे बिल मेलेंडेझ दिग्दर्शक, फ्रॉस्टीला जॉन गुडमनचा आवाज, छोट्या हॉलीला एलिझाबेथ मॉसचा, ती आता केवढी मोठी नटी झालीये. पण नाव मोठं लक्षण खोटं! फ्रॉस्टी टोपी काढतो आणि तरी बडबडतच राहतो, मग टोपी हवी कशाला? बर्फ गायब करणारा स्प्रे विकणारा तो ट्विचेल, कल्पना खरंतर चांगली होती, पण फ्रॉस्टीचं आता काय होणार अशी धाकधूक एकदाही होत नाही, नुसती भाषणं नि गाणी. आणि ख्रिसमसचं त्यात नावसुद्धा नाही, दाखवतात मात्र ख्रिसमसला.

आता बाप्पा. तो आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो. आणल्यावर प्राणप्रतिष्ठा करायची, तोवर ती नुसती माती (टोपी घातल्यासारखंच की, पण आजीला सांगू नकोस मी असं म्हणाले ते). कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे गौरींबरोबर जातो, कुणाकडे थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. जायच्या दिवशी उत्तरपूजा झाली, हातावर दही ठेवलं की बाबा मूर्ती जागची जराशी सरकवतो, आठवतं? तिथेच तो निघाला.

आपली मूर्ती पेणची, शाडूची. बादलीत सोडली की आधी बुडबुडे येतात, मग पाण्याला रंग सुटतो, मग सोंड, हात एकेक करत गळतात आणि सकाळी तळाशी नुसता गाळ, तो आपण तुझ्या टोमॅटोच्या कुंडीत ओततो. पीओपीची असती तर अशी विरघळलीच नसती. मुंबईत विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चौपाटीवर गेलं ना, तर तसल्या मूर्ती वाळूत पडलेल्या असतात, कुणाचा हात मोडलाय, कुणाचा मुकुट, अगदी बघवत नाही गं. धड राहिला नाही, धड गेला नाही. तुझा तो दुसरा फ्रॉस्टी मला तसाच वाटला.

आणि वाईट वाटतं ते सगळ्यांनाच. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणताना बाबाचा आवाज बसतो तो काही ओरडून बसत नाही, तो तसं सांगतो ते सोड. पण जाऊच दिलं नाही तर लवकर या कुणाला म्हणणार? बारा महिने राहणारा बाप्पा देव्हाऱ्यात आहेच की, पितळेचा, त्याला तूच तर रोज फूल वाहतेस. त्याच्यासाठी कधी उकडीचे मोदक करायला घर गोळा झालंय का?

तुझी,
आई

ता. क. पुढच्या गणपतीत रात्रभर बादलीशेजारी बसायचं म्हणतेयस, ते दुसऱ्या दिवशी शाळा नसेल तरच.