प्लेटोचे संवाद आज वाचून काय उपयोग? आणि सुरुवात कुठून करावी?

‘रिपब्लिक’पासून करू नका. सगळे तेच सुचवतात आणि सगळ्यांचं ते अर्धवट राहतं. ‘लाखेस’ घ्या, एका बैठकीत होतो.

दोन बाप दोन सेनापतींना विचारतात, पोरांना चिलखत घालून लढायला शिकवणाऱ्या गुरूकडे पाठवावं का? थोडक्यात, क्लास लावावा का! तिथे सॉक्रेटिस असतो, त्यामुळे गाडी ‘शौर्य म्हणजे काय’वर जाते. त्यातला एक सेनापती लाखेस, सरळ शिपाईगडी, म्हणतो, सोपं आहे: जो रांग सोडून पळत नाही तो शूर.

इथे मी पुस्तक मिटलं होतं. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष अर्धवट सोडून मी मामाच्या रोपवाटिकेत आलो (केटी एकच होती, लोक सात सांगतात), तेव्हा भर पंगतीत दादा म्हणाला होता, “पळपुटा निघालास.” शब्द वेगळे, व्याख्या तीच. आणि ती करणारा लाखेस स्वतः डेलिअमच्या लढाईत अथेन्स हरल्यावर सॉक्रेटिसबरोबर माघार घेत आलेला!

दोन दिवसांनी पुढे वाचलं. सॉक्रेटिस विचारतो, मग सिथियन घोडेस्वारांचं काय? ते तर पळता पळता लढतात. प्लॅटीआच्या लढाईत स्पार्टाचे लोक मागे हटले, पर्शियनांची फळी विस्कटताच वळले आणि जिंकले. मी लगेच दादाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं. तू कधी वळलास?”

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देतो. दुसरा सेनापती निकिआस म्हणतो, कशाला भ्यावं आणि कशाला नाही हे कळणं म्हणजे शौर्य. त्यावर बोलताना सॉक्रेटिस सांगतो, सेनापतीने ज्योतिषाला हुकूम द्यायचा असतो, ज्योतिषाने सेनापतीला नाही. पुढे इ.स.पू. ४१३ मध्ये हाच निकिआस सिसिलीतल्या सिराक्यूजवर अथेन्सचं सैन्य घेऊन गेलेला असताना तिथे अडकला. निघायची तयारी झालेली, तेवढ्यात चंद्रग्रहण लागलं. ज्योतिषी म्हणाले सत्तावीस दिवस थांबा. थांबला. सैन्य गेलं, तोही गेला. प्लेटोने संवाद लिहिला तेव्हा हा शेवट अथेन्समध्ये सगळ्यांना ठाऊक होता. दादा अकरा वर्षं एकाच कंपनीत आहे आणि रोज रात्री तिला शिव्या घालतो. तोही थांबलाय.

उपयोगाचं म्हणाल, तर व्याख्या शेवटपर्यंत सापडत नाही. सॉक्रेटिसला उद्या सकाळी घरी बोलावतात आणि संवाद संपतो. ज्याला तयार उत्तर हवंय त्याने या वाटेला जाऊच नये.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. ‘अपॉलॉजी’मध्ये, म्हणजे सॉक्रेटिसवरच्या खटल्यातलं त्याचं भाषण प्लेटोने लिहिलंय त्यात, हाच सॉक्रेटिस न्यायालयाला ऐकवतो की पोटिडिया, अँफिपोलिस, डेलिअम इथे नेमून दिलेली जागा मी सोडली नाही, मग देवाने दिलेली जागा मरणाच्या भीतीने कशी सोडू? म्हणजे फिरून लाखेसचीच रांग. दादाने ‘अपॉलॉजी’ अजून वाचलेलं नाही.