वडिलांसाठी कानाच्या आत बसणारं, न दिसणारं श्रवणयंत्र घ्यावं का? चार्जिंगचं बरं की सेलचं?

फक्त दिसू नये एवढ्याच कारणासाठी घेणार असाल तर मुळीच घेऊ नका.

आमच्या घरी यावरून रामायण झालं आहे. आईला आवाज यायचा, शब्द उमगायचा नाही. साठ म्हटलं की आठ ऐकायची. वयानं येणाऱ्या बहिरेपणात वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात आणि स, श, फ तिथलेच. ऑडिओलॉजिस्टनी ऐकण्याच्या तपासणीचा आलेख समोर ठेवून सरळ सांगितलं होतं की आरआयसी घ्या. मशीन कानामागे आणि बारीक तारेनं रिसीव्हर, म्हणजे इवलासा स्पीकर, कानात. पण दादा अडून बसला. म्हणे, आईला चारचौघांत म्हातारी दिसायचं नाहीये. आई असं कधीच म्हणाली नव्हती, लाज त्याला वाटत होती. त्याच्या हट्टापायी पूर्ण आत बसणारं सीआयसी आलं.

स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो, ही तिची पहिली तक्रार. घुमणारच! खालच्या पट्टीतलं तिला नीट ऐकू येत होतं आणि त्या मशीननं कानाला बूचच बसलं. एवढ्याशा जागेत माइकही बहुधा एकच मावतो, त्यामुळे समोरच्याचं बोलणं आणि मागचा गलका त्याला वेगळा काढता येत नाही. सगळ्यात हाल सेलचे. १० नंबरचा सेल जेमतेम ६ मिलिमीटर रुंद आणि आईची बोटं संधिवातानं वाकलेली. सेलवरची पिवळी चिकटपट्टी ती नखानं सोलायची, बारीक झाकण उघडायची, आणि सेल निसटून पलंगाखाली जायचा. मग कुणी घरी येईपर्यंत तशीच बसून राहायची. पुढे मशीन डबीतच राहायला लागलं, तर दादा म्हणतो, ‘आईच वापरत नाही.’ हे वाक्य मला आजही सहन होत नाही.

शेवटी आरआयसीच घेतलं, रिसीव्हरला भोकं असलेला डोम, म्हणजे मऊ टोपी, लावून. घुमणं थांबलं. केसांत ते दिसतही नाही. आणि दर वाक्याला ‘काय?’ विचारणाऱ्या माणसाला कमी ऐकू येतं हे लोकांना कळलेलंच असतं, मग लपवायचं काय?

चार्जिंगचंच घ्या, बोटांचा त्रास वाचतो.

हां, बोटं चपळ असतील आणि ऐकणं फार कमी झालेलं नसेल तर सीआयसी चालतंही काहींना. फारच कमी ऐकू येत असेल तर आरआयसीही पुरेलच असं नाही, कानामागे बसणारं मोठं बीटीई आणि कानाच्या मापाचा मोल्ड, म्हणजे कानात घट्ट बसणारा साचा, लागतो. कान वाहत असेल किंवा ऐकू येणं अचानक गेलं असेल तर मशीनचा विचार नंतर, आधी ताबडतोब कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे.

घेण्याआधी वडिलांना स्वतःच्या हातानं मशीन घालून-काढून बघू द्या. लोक काय म्हणतील म्हणणारा कुणी घरात असेल तर त्याला तेव्हा सोबत नेऊ नका. कान वडिलांचे आहेत, त्याचे नाहीत.