सगळ्यांना आवडलेला सिनेमा मला आवडत नाही. स्वतःची आवड ओळखायची कशी?

तुम्ही लिहिलंय की मित्र ज्याला 'भारी' म्हणतात त्याला तुम्हीही 'भारी' म्हणून मोकळे होता, आणि नंतर आपल्याला तो खरंच आवडला होता का तेच कळत नाही. यात मी तुमच्यापेक्षा सीनियर आहे.

२०१५ साली 'कोर्ट' लागला. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला, त्यामुळे आवडायलाच हवा होता. थेटरात मी दोनदा घड्याळ पाहिलं. बाहेर आल्यावर मित्राने विचारलं, कसा वाटला? मी म्हणालो, "जबरदस्त! व्यवस्थेवर भेदक भाष्य." हे वाक्य मी सकाळीच पेपरात वाचलं होतं. त्याने पुढे विचारलं, "कुठला सीन आवडला?" आणि माझी दातखीळ बसली.

खरं तर सीन होता. लोकशाहिराविरुद्ध केस चालवणारी सरकारी वकीलबाई कोर्ट सुटल्यावर घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. ती मला थेट आमच्या आत्यासारखी वाटली होती आणि मग तिचा राग येईना. पण मी वाचलेल्या परीक्षणात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं, म्हणून ते बोलण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही. माझं स्वतःचं मत तेवढंच होतं आणि तेच मी गिळलं.

याला निव्वळ भित्रेपणा म्हणू नका. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं, ते त्यांना दिसत होतं. आकडे न दिसणाऱ्यांत २६वं आलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्या गटात चाळिसावं. गाणं तेच! फारच चांगली गाणी सहसा आपटली नाहीत, फारच वाईट सहसा चढली नाहीत. मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि आपण बघतो त्यातलं बहुतेक मधलंच असतं. ओटीटीवरची 'टॉप १०'ची पट्टी बघताना मला हा प्रयोग हमखास आठवतो.

जाता जाता: रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या वेबसाइटवरचे ९० टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद मार्क नव्हेत. नव्वद टक्के समीक्षकांचं परीक्षण अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' वाटलं तरी आकडा शंभर येऊ शकतो.

मी काय करतो, तर सिनेमा संपल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी वहीत दोन-तीन ओळी खरडतो. 'छान', 'बोअर' हे शब्द घरच्या नियमाप्रमाणे बाद. कुठे घड्याळ पाहिलं, कुठे पाठ सरळ झाली, एवढंच. परीक्षणं त्यानंतर, आणि ती जरूर वाचा. चांगला समीक्षक आपल्या नजरेतून सुटलेलं दाखवतो. फक्त त्याची पाळी दुसरी. पहिले काही महिने माझ्या नोंदी अगदी भिकार होत्या ('गाणी जास्त' वगैरे). मग लक्षात आलं, मारामारी असो की घरगुती गोष्ट, माणसं कामात गढलेली दाखवली की मी गुंततो. भाषणं सुरू झाली की उठून पाणी प्यायला जातो.

एक खड्डा मात्र टाळा. मध्यंतरी मी गर्दीला आवडलेलं सगळं मुद्दाम नावडतं केलं होतं. तेव्हाही माझं मत गर्दीच ठरवत होती, फक्त उलटं. त्या नादात 'सैराट' वर्षभर पाहिला नाही आणि मग घरी लॅपटॉपवर पाहिला. मूर्खपणा.

गेल्या वर्षी 'कोर्ट' पुन्हा पाहिला. घड्याळ याही वेळी पाहिलं, एकदाच. वकीलबाईंच्या घरचा सीन मात्र मागे नेऊन दोनदा पाहिला.