ब्रिटनमध्ये एवढे पंतप्रधान का बदलले? आणि ही ऑस्टेरिटी नक्की काय भानगड आहे?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये मास्टर्सला लीड्सला जाताय, आणि विचारलंय की २०१६ नंतर तिकडे पंतप्रधान एवढे का बदलले, ऑस्टेरिटी म्हणजे काय आणि लेबर आल्यावर ती संपली का. मी मिडलंड्समध्ये राहते, बरीच वर्षं झाली, राजकारण हा काही माझा प्रांत नाही पण इथं राहून ते टाळताही येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: इथल्या पक्षांना पंतप्रधान बदलणं स्वस्त पडतं. कुणाच्या खिशातून किती काढायचे हे लोकांना तोंडावर सांगणं महाग पडतं, त्यामुळे ते काम पुढच्यावर ढकललं जातं.

आधी बदलायची सोय कशी आहे बघा. आपल्यासारखंच इथंही लोक खासदार निवडतात, पंतप्रधान नाही. टोरी म्हणजे आपले पेपरवाले ज्यांना हुजूर पक्ष म्हणतात, त्यांच्यात १९२२ कमिटी नावाची मागच्या बाकांवरच्या खासदारांची समिती आहे. नाराज खासदार तिच्या अध्यक्षाला गुपचूप चिठ्ठी देतो, आणि १५ टक्के खासदारांच्या चिठ्ठ्या जमल्या की नेत्यावर अविश्वासाचं मतदान. (२०२४ नंतर ही अट एक तृतीयांश केलीय, पोळल्यावर शहाणपण.) चिठ्ठ्या किती जमल्या ते फक्त त्या एका माणसाला माहीत, बाकी सगळं मीडिया अंदाजावर चालवतो. गंमत म्हणजे जिंकूनही नेता वाचत नाही. थेरेसा मे डिसेंबर २०१८ मध्ये २०० विरुद्ध ११७ नं जिंकल्या आणि पुढच्या जुलैत घरी गेल्या, बोरिस जॉन्सन जून २०२२ मध्ये २११ विरुद्ध १४८ नं जिंकले आणि महिन्याभरात पन्नासेक मंत्री-संत्री राजीनामे देऊन मोकळे झाले, मग त्यांनाही जावं लागलं.

मग लिझ ट्रस. त्यांना पक्षाच्या सदस्यांनी निवडलं, जेमतेम ८१ हजार मतं, तेवढ्यावर पावणेसात कोटींच्या देशाचा पंतप्रधान ठरला. २३ सप्टेंबर २०२२ ला त्यांच्या अर्थमंत्र्यांनी ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसे कुठून येणार ते सांगितलंच नाही. पौंड १.०३ डॉलरपर्यंत घसरला, पेन्शन फंड वाचवायला बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. हात दाखवून अवलक्षण. त्या महिन्यात आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी एकच प्रश्न, "तुझं फिक्स कधी संपतंय?" म्हणजे होमलोनचा ठरलेला व्याजदर कधी संपतो, कारण नवीन दर सहा टक्क्यांच्या वर गेले होते. ट्रस ४९ दिवस टिकल्या. पुढं सुनक, आणि जुलै २०२४ ला लेबर म्हणजे मजूर पक्षाचे स्टार्मर.

हे सगळं तुम्ही बातम्यांत वाचलंच असेल. खरी गोष्ट ऑस्टेरिटीची आहे.

२००८ ला बँका बुडाल्या, सरकारनं त्या सावरल्या, मंदी आली, आणि २००९-१० ला तूट जीडीपीच्या १० टक्क्यांच्या आसपास पोचली. कपात लेबरही करणारच होते, जरा हळू. २०१० ला टोरींचे कॅमेरन आले, ऑस्बोर्न अर्थमंत्री, त्यांनी सरकारी खर्चाला कात्री लावली, हीच ऑस्टेरिटी: सरकारी नोकरांचे पगार दोन वर्षं गोठवले (फक्त कमी पगारवाले वगळले), मग कित्येक वर्षं एक टक्क्याच्या वर वाढ नाही, आणि वर व्हॅट १७.५ वरून २० टक्के. पण एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, हात लावायचा नाही असं ठरलं, कारण एनएचएस इथं देवाच्या जागी आहे. मग कात्री पडली कुठे? कौन्सिलवर, म्हणजे आपल्या नगरपालिका-झेडपीवर. केंद्राकडून कौन्सिलना मिळणारा पैसा महागाई धरून २०१० ते २०१८ मध्ये जवळजवळ निम्म्यावर आला. हे राजकारण म्हणून फार हुशारीचं होतं, कारण कपात वेस्टमिन्स्टरनं, म्हणजे लंडनच्या केंद्र सरकारनं, केली आणि शिव्या खाल्ल्या गल्लीतल्या नगरसेवकानं.

आणि कौन्सिलला कायद्यानं काही कामं टाळताच येत नाहीत: म्हाताऱ्या आणि अपंग माणसांची देखभाल, अनाथ किंवा छळ होणारी मुलं, बेघरांना तात्पुरती घरं. म्हातारे वाढतायत, त्यामुळे हा खर्च दरवर्षी वाढतो. आता पैसे निम्मे आणि सक्तीचा खर्च वाढता, मग जे सक्तीचं नाही ते जाणार: लायब्ररी, युथ क्लब, बागा, खड्डे, बस. आमच्या इथली लायब्ररी आता रिटायर्ड मंडळी फुकट राबून चालवतात आणि आठवड्यातले काही दिवसच उघडी असते. दर मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखं, बिल येतं, ते तुम्ही कुणाकडे तरी बघाच एकदा. पोलिसांचे इतके, फायर ब्रिगेडचे इतके, आणि "अडल्ट सोशल केअर" म्हणून एक वेगळी ओळ, ती २०१६ पासून आली. आणि तुमचं घर टॅक्सच्या कुठल्या बँडमध्ये, म्हणजे गटात, हे ठरतं एप्रिल १९९१ च्या किमतीवर! इंग्लंडमध्ये ते कुणी बदललंच नाही, कुणाचं बिल वाढलं की मतं गेली ना. म्हणजे माझं बिल दरवर्षी जवळपास ५ टक्क्यांनी वाढतं (त्याच्या वर न्यायचं तर जनमत घ्यावं लागतं) आणि रस्त्यावर खड्डा तसाच, मग शेजारचे आजोबा म्हणतात हे कौन्सिलवाले पैसे खातात. खात नसतात हो, तुमच्याच वयाच्या कुणालातरी सकाळी आंघोळ घालायला बाई पाठवण्यात ते गेलेत, पण ते कुणाला दिसत नाही.

आणि एनएचएस तरी वाचलं का? नाही. म्हातारं माणूस हॉस्पिटलात बरं झालं तरी घरी बघणारी केअर मिळत नाही म्हणून बेड अडून राहतो, बेड नाही म्हणून इमर्जन्सीत गर्दी, म्हणून दारात अँब्युलन्सची रांग. इंग्लंडमध्ये हॉस्पिटलच्या उपचारांची वेटिंग लिस्ट २०१० ला साधारण २५ लाख होती, सप्टेंबर २०२३ ला ७७ लाखांवर गेली. यात कोविडचाही वाटा आहे, पण कोविडच्या आधीच ती ४५ लाखांच्या पुढे होती.

काही कौन्सिल तर चक्क हात वर करून मोकळ्या झाल्या. त्याला इथं "सेक्शन ११४" म्हणतात, म्हणजे सक्तीचं सोडून नवीन खर्च बंद. नॉर्दम्प्टनशर २०१८, क्रॉयडन २०२०, स्लाव २०२१, आणि सप्टेंबर २०२३ ला बर्मिंगहॅम. बर्मिंगहॅमचं खापर सगळं ऑस्टेरिटीवर फोडता येणार नाही, बायकांना कमी पगार दिल्याचे जुने दावे आणि फसलेली आयटी सिस्टीम हेही होतं, पण गाठीशी काही उरलं असतं तर एवढी नामुष्की आली नसती. पुढच्या वर्षी तिथं कौन्सिल टॅक्स एकदम १० टक्के वाढला, आणि मार्च २०२५ ला कचरा कामगारांनी बेमुदत संप सुरू केला.

आता पंतप्रधान बदलण्याशी याचा संबंध काय? शाळांच्या छपरांचं उदाहरण घ्या. राक नावाचं हलकं काँक्रीट, आतून ढोकळ्यासारखं जाळीदार, ते जुन्या शाळांच्या छपरांत वापरलंय आणि त्याचं आयुष्य साधारण ३० वर्षं. २०१० ला सरकारनं शाळा नव्यानं बांधायची योजना रद्द केली, सातशेहून जास्त शाळांची कामं बारगळली. २०२२ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये शिक्षणमंत्री किती झाले? पाच. एक बाई तर दोन दिवसही नव्हत्या. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी, शाळा उघडायच्या तोंडावर, शंभराहून जास्त शाळांना सांगितलं की अमुक इमारती वापरू नका, छप्पर पडेल. दोन दिवसांच्या मंत्र्यानं छप्पर काय बघायचं?

लेबर आल्यावर ऑस्टेरिटी संपली का? संपल्याची घोषणा तर मे बाईंनी ऑक्टोबर २०१८ लाच केली होती! लेबरनं डॉक्टरांचे पगार वाढवले, एनएचएसला पैसे दिले, हे मान्य. पण निवडणुकीत इन्कम टॅक्स, व्हॅट, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा आणखी एक कर) वाढवणार नाही असं वचन देऊन बसले, मग आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पहिल्याच महिन्यात पेन्शनरांचा हिवाळ्यातला हीटिंगचा भत्ता बहुतेकांचा काढून घेतला, एवढा गदारोळ झाला की जून २०२५ मध्ये बऱ्याच जणांना परत द्यावा लागला. मार्च २०२५ मध्ये अपंगांच्या भत्त्यात कपात जाहीर केली, १२० हून जास्त स्वतःचेच खासदार विरोधात, जुलैत तीही बरीचशी मागे. निवडणुकीत ४११ जागा मिळाल्या खऱ्या, पण मतं ३३.७ टक्केच, तो पाया तेव्हापासूनच कच्चा होता. मे २०२५ ला नायजेल फराजच्या रिफॉर्म या उजव्या पक्षानं दहा कौन्सिल जिंकल्या, वायफळ खर्च शोधून काढू म्हणाले, पण म्हाताऱ्यांच्या केअरचं बिल त्यांच्याही टेबलावर तेवढंच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर घरात सगळेच फुलटाइम विद्यार्थी असाल तर कौन्सिल टॅक्स माफ असतो, युनिव्हर्सिटीचं पत्र तेवढं वेळेत पाठवा, पण एक जरी नोकरीवाला घरात असला तर बिल येतं, रूममेट ठरवतानाच बघा. आणि बहुतेकांना माहीत नसतं, पण कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून तुम्हाला भारतीय पासपोर्टवर इथं मत देता येतं, कौन्सिलच्या आणि पार्लमेंटच्या दोन्ही निवडणुकांत. रजिस्ट्रेशन ऑनलाइन पाच मिनिटांत होतं, मतदानाच्या बारा कामाच्या दिवसांआधी करावं लागतं, त्याचा क्रेडिट स्कोअरलाही उपयोग होतो, आणि केंद्रावर फोटो आयडी म्हणून तोच पासपोर्ट चालतो.