हाय-लो पक्कं आहे, पण १२,००० डॉलर टेबलावर न्यावेत का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३४, एच-वन-बी व्हिसा, पगार वर्षाला १,४०,००० डॉलर. पत्नीला सध्या काम करता येत नाही, पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे आणि बँकेत शिल्लक आहेत १२,००० डॉलर. ब्लॅकजॅकमधली पत्त्यांची ‘हाय-लो’ मोजणी त्यांनी घरी घोटून पक्की केली आहे. आता दर शनिवारी कॅसिनोंच्या अटलांटिक सिटीला जाऊन आठ तास खेळायचं आणि वर्षाकाठी दहा हजार डॉलर जोडायचे, असा बेत आहे. ते लिहितात, "हा जुगार नाही, गणित आहे. बायकोला पटत नाही. तुम्हाला पटतं का?"

गणित पटतं. अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी ते १९६२ मध्येच जगापुढे मांडलं (आणि पुढे स्वतः शेअर बाजाराकडे वळले, हेही लक्षात असू द्या). दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता गेला की अधिक एक, दश्शी, चित्र किंवा एक्का गेला की उणे एक, मधल्या तीन पत्त्यांना शून्य. बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचं. बिनचूक खेळणाऱ्यावरही कॅसिनोची सुमारे अर्ध्या टक्क्याची सरशी असते. भागाकार एकने वाढला की साधारण अर्धा टक्का तुमच्याकडे सरकतो. म्हणून एरवी २५ डॉलर लावायचे आणि मोठे पत्ते उरले की ३०० पर्यंत जायचं. इथवर तुमचं बरोबर आहे.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू. सहा कॅटांचा खेळ, बरे नियम, तासाला ८० डाव असं धरलं तर सरासरी कमाई ताशी २५ डॉलर होईल, पण चढउतार ताशी साडेपाचशेच्या आसपास. वर्षाचे ४०० तास म्हणजे कमाई १०,००० आणि चढउतार ११,०००. एकही चूक न करता खेळलात तरी पाच-सहा वर्षांत एक वर्ष तोट्याचं जाणार. असंच खेळत राहिलात तर १२,००० पुरते बुडण्याची शक्यता १४ टक्के. मोजणीतली आघाडी निम्मी झाली तर तीच ३७ टक्क्यांवर जाते.

आणि निम्मी व्हायला फार काही लागत नाही. सहाव्या तासाला डोकं दमलेलं असतं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मोजणी करणारे खेळाडू केन उस्टन यांच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून तिथले कॅसिनो केवळ मोजणी करतो म्हणून कोणाला बाहेर काढू शकत नाहीत, नेवाडात काढतात. पण लवकर पत्ते पिसणं आणि तुमच्यापुरती पैज मर्यादित करणं त्यांच्या हातात आहे. ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दश्शी किंवा चित्र) लागल्यावर दोनास तीनऐवजी पाचास सहा देणाऱ्या टेबलावर तर बसूच नका, तेवढ्या एका नियमात सुमारे १.४ टक्के जातात.

माझी खरी हरकत कराची आहे आणि तुमच्या पत्रात कराचा शब्दही नाही. जिंकलेला शनिवार हे उत्पन्न धरलं जातं. हरलेला शनिवार वजा करता येतो, पण तपशीलवार (एकेक खर्च वेगळा दाखवून) वजावट घेतली तरच, आणि २०२६ पासून तोट्याच्या ९० टक्क्यांपर्यंतच. वर धरलेल्या आकड्यांनी ५० शनिवारांतल्या जिंकलेल्या दिवसांची बेरीज साधारण ३६,००० होते, हरलेल्यांची २६,०००. त्याचे ९० टक्के २३,४००; राज्याचा आयकर ढोबळ ६,००० धरला तरी २९,४००. तुमचं अमेरिकेतलं घर भाड्याचं, त्यामुळे तिथल्या गृहकर्जाच्या व्याजाची वजावट नाही; पुण्याच्या फ्लॅटच्या व्याजाची मिळते का ते कर सल्लागाराला विचारा, इथे ती धरलेली नाही. नवरा-बायकोला मिळून २०२६ ची प्रमाणित (खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक) वजावट ३२,२०० आहे, ती मोठी, म्हणून या हिशेबाने तीच घ्यावी लागणार. म्हणजे तोटा कागदावर कुठेच येत नाही आणि अख्खे ३६,००० पगारात मिसळतात. २२ टक्क्यांनी केंद्राचाच कर झाला ७,९२०. पेट्रोल, टोल आणि जेवण मिळून शनिवारचे ४० डॉलर धरले तर आणखी २,००० गेले. उरतात ८० डॉलर. त्यासाठी ४०० तास खेळायचं आणि दीडशेहून अधिक तास गाडी चालवायची!

व्यावसायिक खेळाडू म्हणून विवरणपत्र भरलं तर हिशेब बदलतो. पण एच-वन-बीवर तुम्हाला काम करायची मुभा फक्त तुमच्या कंपनीसाठी आहे. त्या वाटेला इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय जाऊच नका.

गोव्याचंही विचारलं आहे. मांडवीतल्या जहाजांवर चिप्स घेतानाच जीएसटी आहे, आधी २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, त्यात तोटा वजा होत नाही. एका टक्क्याची आघाडी तिथे कुठे टिकणार?

आणि ते १२,००० खेळायचं भांडवल नव्हेतच. नोकरी गेली तर व्हिसावर तुम्हाला फार तर ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर घर आवरून परत यायचं, आणि पुण्याचा हप्ता त्या काळातही थांबत नाही. ही रक्कम हाय-यील्ड सेव्हिंग्ज खात्यात ठेवा आणि पगारातून दरमहा भर घालून सहा महिन्यांच्या खर्चाएवढी करा. खेळाची हौस दांडगी असेल तर वर्षाला हजार डॉलर करमणुकीच्या खर्चात लिहा, सहलीचे लिहितो तसे, आणि ते परत येतील असं धरू नका.

दोन गोष्टी कळवा. फोर-ओ-वन-के या निवृत्तीच्या खात्यात कंपनी स्वतःचे किती घालते आणि तुम्ही ते पूर्ण घेता का? तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर झाला आहे का? झाला असेल तर पत्नीला एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. शनिवारचे आठ तास आधी त्या कागदपत्रांना द्या.