चहा-कॉफी सोडली आणि डोकंच धरलं

प्रश्न : डॉक्टर, माझे दिवसाला पाच-सहा कप चहा-कॉफी सहज व्हायचे, त्यातला एक रात्रीच्या जेवणानंतरचा. झोप लागेना म्हणून मागच्या सोमवारपासून सगळं एकदम बंद केलं. संध्याकाळपर्यंत डोकं जड, मंगळवारी तर स्क्रीनकडे बघवेना, सारख्या जांभया आणि घरात सगळ्यांवर खेकसत होते. बुधवारी डोकेदुखीची गोळी घेतली तर एकदम फ्रेश! गुरुवारी शेवटी हरले आणि अर्धा कप कॉफी घेतली, थोड्याच वेळात डोकं मोकळं. म्हणजे माझ्या शरीराला कॅफीन लागतंच का?

उत्तर : अहो, हरलात वगैरे काही नाही, आणि शरीराला कॅफीन लागतंच असंही नाही. आधी एक काम करा, त्या गोळीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये कॅफीन घातलेलं असतं, तुमच्यात असेल तर बुधवारी तुम्ही कॅफीन सोडलेलंच नव्हतं, फक्त कपातून न घेता पाण्याबरोबर गिळलं :)

आता डोकं का दुखतं ते सांगते. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं म्हणून तरतरी वाटते. रोज असं झालं की मेंदू त्या जागाच वाढवून ठेवतो, मग कॅफीन अचानक बंद केलं की अॅडेनोसिनला रान मोकळं, त्यात कॅफीनने आकसलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकायला लागतं. हा त्रास शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि साधारण २ ते ९ दिवसांत जातो. म्हणजे तुम्ही गुरुवारी कप हातात घेतलात तेव्हा अवघड भाग बहुतेक मागे पडला होता!

मला विचाराल तर तुमच्या बाबतीत खरा गुन्हेगार जेवणानंतरचा कप. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण ५ तास लागतात (माणसागणिक कमीजास्त), म्हणजे रात्री ९ ला घेतलेल्या कपातलं निम्मं पहाटे २ ला अजून अंगात फिरतंय आणि तुम्ही छताकडे बघत पडलाय. तेव्हा आधी तो बंद करा, मग दुपारचा, मग दर तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी किंवा कप तेवढाच पण निम्मा भरलेला. पूर्ण सोडायलाच पाहिजे असंही नाही हं, निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि एक कप कॉफीत अंदाजे ९०-१००, चहात त्याच्या निम्मं धरा. पण धडधड होत असेल, हात थरथरत असतील, अॅसिडिटी असेल तर सोडून बघायला हरकत नाही, फरक आपला आपल्यालाच कळतो. वजन उतरेल, चेहरा उजळेल असलं काही मात्र मी सांगणार नाही. आणि दोन आठवडे झाले तरी डोकं दुखतच असेल तर त्याचा दोष कॅफीनवर ढकलू नका, तपासून घ्या.

प्रश्न : मला तिसरा महिना चालू आहे, चहा पूर्ण बंद करू का?

उत्तर : पूर्ण नको, पण दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा आणि त्यात कोला, चॉकलेटही मोजा. गरोदरपणात कॅफीन शरीरात नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ रेंगाळतं. आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर अजिबात घेऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, मध्ये तासभर तरी जाऊ द्या.