इंग्रजीत राजकारणावर, अर्थकारणावर लिहिताना 'होपफुली' वापरणं चूक आहे का?

चूक नाही. उत्तरपत्रिकेतल्या 'होपफुली, इन्फ्लेशन विल ईझ' या वाक्यात 'होपफुली'खाली सरांनी लाल रेघ मारली आणि दोन गुण कापले, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही, कारण याच शब्दावरून माझं एका संपादकांशी कायमचं वाजलं आहे.

व्याकरणाचं आधी उरकतो. आक्षेप असा, की होपफुली म्हणजे 'आशेने', आणि महागाई काही आशेने उतरत नाही, आशा माणूस करतो. मग फ्रँकली, सॅडली, फॉर्च्युनेटली यांचं काय? आपण 'दुर्दैवाने पाऊस लांबला' म्हणतो तेव्हा दुर्दैव पावसाचं का, असं कोणी विचारत नाही. तो बोलणाऱ्याचा अख्ख्या वाक्यावरचा शेरा असतो. इंग्रजीत असे शेरे राजरोस चालतात. हा एकटा शब्द १९६० च्या दशकात अमेरिकेत कचाट्यात सापडला, कारण तेव्हा तो एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. अमेरिकन हेरिटेज शब्दकोशाच्या सल्लागार लेखक-संपादकांपैकी १९६९ साली ४४ टक्क्यांना तो चालत होता. पुढे लोक तो सर्रास वापरू लागले आणि या मंडळींमधला पाठिंबा मात्र घटला. अखेर एप्रिल २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने आपल्या शैलीपुस्तकात, म्हणजे कसं लिहावं याच्या नियमावलीत, त्याला मुभा दिली. वाद तिथेच मिटायला हवा होता.

पण आपल्याकडच्या इंग्रजी अर्थपानांवर वजन 'द इकॉनॉमिस्ट' या ब्रिटिश साप्ताहिकाचं. त्यांच्या शैलीपुस्तकाने हा शब्द असा वापरायला मनाई केली आणि जे पर्याय सुचवले त्यात 'इट इज होप्ड दॅट' ('अशी आशा आहे की') हाही होता. माझे संपादक त्याच तालमीतले.

मी तेव्हा एका इंग्रजी दैनिकात शेतमालाच्या बाजारावर लिहायचो. एप्रिल २०२२. युक्रेनमधलं युद्ध पेटलेलं, सूर्यफूल तेलाची आवक आटलेली, कारण तेव्हा आपण ते मुख्यतः युक्रेन आणि रशियातूनच आणायचो. सगळा भार पामतेलावर आलेला. मी लिहिलं की होपफुली, पावसाळ्यापर्यंत पामतेलाचे भाव नरमतील. आशा वाटायचं कारणही दिलं होतं, मलेशियात उत्पादन वाढण्याचे महिने सुरू होत होते. पुरवठ्याची ओढाताण पाहता उलटंही होऊ शकतं, हे त्याच परिच्छेदात होतं. पण ती शेवटची ओळ जागेअभावी उडाली, आणि होपफुलीवर संपादकांचा फोन आला. "भाव आशा करतात का हो?" मी म्हटलं, मग 'आय होप' करा. अर्थपानावर 'मी' चालत नाही, म्हणाले. छापून काय आलं? 'प्राइसेस आर एक्स्पेक्टेड टू सॉफ्टन', म्हणजे भाव नरमतील अशी अपेक्षा आहे. वर माझं नाव.

२२ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाच्या निर्यातबंदीची घोषणा केली, २८ ला ती लागू झाली. पामतेल विकणारा जगातला सर्वांत मोठा देश तो, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपण. चिंचवडला फरसाणाचा छोटा कारखाना असलेले एक गृहस्थ, माझ्या मेव्हण्याचे शेजारी, माझा लेख वाचून पामोलीनचे डबे भरून ठेवायचे थांबले होते. मे महिन्यात त्यांना चढ्या भावाने माल उचलावा लागला. एका रविवारी ते कात्रण घेऊन घरी आले. आवाज चढवला नाही, चहा घेतला, आणि विचारलं, "साहेब, एक्स्पेक्टेड म्हणजे कोणाला एक्स्पेक्टेड? तुम्ही कोणाशी बोलला होतात?"

मी कोणाशीच बोललो नव्हतो. कोणी हिशेब मांडलाय असा माझा दावाही नव्हता. बंदी २३ मेला उठली आणि जून-जुलैत पामतेल जोरात घसरलं, पण त्यांची खरेदी तोवर होऊन गेली होती.

संपादकांना सांगितलं तर म्हणाले, वर्तमानपत्र वाचून कोणी माल भरत नाही. भरतात! छोट्या धंदेवाल्याकडे ना दलालाचा रोजचा अहवाल असतो, ना जकार्तात माणूस. तो अर्थपान वाचतो आणि 'एक्स्पेक्टेड' दिसलं की त्याला वाटतं, मागे कोणीतरी गणित केलंय. माझी आशा होती, तिचा अंदाज करून टाकला, आणि ज्याने केला तो म्हणे भाषाशुद्धी करत होता.

अंदाज सांगायचा तर त्याचा धनी सांगा. रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात, ८ एप्रिलला, २०२२-२३ साठी महागाईचा अंदाज ४.५ वरून ५.७ टक्क्यांवर नेला. सोबत गृहीतकं दिली: पाऊस सामान्य, कच्चं तेल सरासरी १०० डॉलर प्रति पिंप. जूनमध्ये तोच अंदाज ६.७ झाला. बदलला खरा, पण कोणाचा होता आणि कशावर उभा होता हे वाचणाऱ्याला दिसत होतं. उलट अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, २०२१ मध्ये महागाईला 'ट्रान्झिटरी' (तात्पुरती) म्हणत दिवस काढले. त्यात हिशेब किती आणि आशा किती, हे सामान्य वाचकाला कळायला मार्ग नव्हता. नोव्हेंबरअखेर फेडचे तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनीच सिनेटच्या समितीसमोर सांगितलं, की हा शब्द आता निवृत्त करायला हवा.

राजकीय लेखनात तर हा रोग जास्त. 'इट इज होप्ड दॅट द कोअलिशन विल होल्ड.' आशा कोणाला आहे? नेत्यांना, मतदारांना, की लिहिणाऱ्याला? 'होपफुली' लिहिलं की निदान एवढं कळतं, आशा लेखकाची आहे. मग ती पटवून घ्यायची की नाही ते वाचक ठरवेल. म्हणून मी या शब्दाच्या बाजूने आहे.

आता, हे सगळं मतप्रदर्शनाच्या लेखांपुरतं. बातमीत तुमच्या आशेला जागा नाही, तिथे होपफुली नकोच. परीक्षेतही महागाई का उतरेल याची कारणं हवीत, आशा नको. त्यामुळे कारणं न देताच ते वाक्य लिहिलं असेल, तर सरांनी गुण कापले ते योग्यच, फक्त लाल रेघ भलत्या शब्दाखाली पडली. आणि उद्या नोकरीच्या ठिकाणी या शब्दाला मनाईच असेल, तर 'आय होप' मागा. तेही देत नसतील तर अख्खं वाक्य काढायला सांगा, पण तुमच्या नावाखाली 'एक्स्पेक्टेड' घालू देऊ नका.

सरांकडे उत्तरपत्रिका घेऊन जाच. 'इन्फ्लेशन इज एक्स्पेक्टेड टू ईझ' असं लिहिलं असतं, अपेक्षा कोणाची आणि कशावरून हे न सांगता, तर दोन गुण दिले असते का, विचारा. दिले असते म्हणाले, तर तुमचे गुण परत मागा.